फ्रेम उलटी करून पाहावी : शाहूपुरीतील एका दुकानाचे परीक्षण

चित्राची छापील प्रत विकत घेताना गिऱ्हाईक पुढची बाजू पाहते. ती प्रत भिंतीवर किती वर्षे धड राहणार, हे मात्र मागच्या बाजूला ठरते. शाहूपुरीतील एका लहानशा फ्रेमच्या दुकानातून दोन चित्रे करून घेतल्यावर माझे हे मत पक्के झाले, म्हणून या दुकानाच्या कामाचे परीक्षणही मी मुख्यतः मागच्या बाजूनेच करणार आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली. हाताखाली एकच कारागीर आहे, काम वाढले की हात बिघडतो, असे त्यांचे म्हणणे. प्रसिद्धी नको म्हणणारा दुकानदार आमच्या कोल्हापुरात विरळाच, तेव्हा त्यांचा शब्द राखलेला बरा. शाहूपुरीत फ्रेमचे नीट काम कोण करतो अशी चौकशी करणाऱ्याला ते सापडायला अडचण येणार नाही.

दोन्ही चित्रे वेगळ्या जातीची होती. पहिले राजा रविवर्म्यांचे ‘हंस-दमयंती’. ते घरी भेट म्हणून आले होते आणि एका ऑनलाइन विक्रेत्याने ते फ्रेमसह तयार पाठवले होते. दुसरे इथल्याच एका चित्रकाराच्या जलरंगातील रंकाळा तलावाची मर्यादित आवृत्तीतील प्रत. दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात भरलेल्या प्रदर्शनात ती फ्रेमशिवाय, नळीत गुंडाळून, साडेचार हजार रुपयांना मिळाली. रंकाळ्याला फ्रेम करायचीच होती. दमयंतीला दुकानात नेण्याचे कारण वेगळे होते. एकाच पावसाळ्यात तिच्या कागदाला लाटा आल्या होत्या आणि खालच्या कोपऱ्यात काचेच्या आतून ओलसर डाग दिसू लागला होता.

मालकांनी फ्रेम एका जुन्या चादरीवर पालथी घातली, कडेची खाकी टेप पात्याने कापली आणि पकडीने बारीक खिळे एकेक करून उपसले. हार्डबोर्ड उचलला तेव्हा आतला सारा मामला उघडा पडला. चित्राचा कागद सनबोर्डवर, म्हणजे हलक्या फोमच्या फळीवर, सबंध गोंद फासून चिकटवलेला होता आणि पुढून तो थेट काचेला टेकत होता. समोरून जो पांढराशुभ्र माउंट, म्हणजे चित्राभोवती बसवायची खिडकी कापलेली बोर्डाची चौकट, वाटत होता, तो माउंट नव्हताच. चित्राभोवतीची पांढरी किनार आणि तिच्या आतल्या कडेची बारीक सावलीसुद्धा त्याच कागदावर छापलेली होती. डाव्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढा कागद काचेला घट्ट बसला होता. “भिंत तर घाम सोडणारच साहेब, पर ह्यात घामाला जायला वाटच ठेवली न्हाई,” असे मालक म्हणाले, आणि निदान अगदी नेमके होते. कागद ओल शोषून पसरतो व ओल गेली की आकसतो; त्याला सगळीकडून जखडले की हे पसरणे लाटांच्या रूपाने बाहेर पडते. काचेच्या आतल्या अंगाला दव धरते, त्या दवाने कागद काचेला चिकटतो आणि नंतर ओढून काढू गेल्यास शाई काचेवरच राहते. मालकांनी त्या कोपऱ्याला हात लावला नाही. या चित्रावर आता पैसे घालू नका, नवी प्रत घेऊन या, असे त्यांनी सरळ सांगितले. जुन्या मालावर फ्रेमची नवी पट्टी चढवून बिल करणे त्यांना सहज शक्य होते, म्हणून ही गोष्ट मी त्यांच्या जमेच्या बाजूला आधी मांडतो.

दुकानाच्या गल्ल्याशेजारी गुजरीतल्या सोनाराकडे असते तसले एक भिंग ठेवलेले आहे. ते दमयंतीच्या लाल साडीवर धरले असता निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके ओळीने, फुलांसारख्या ठरावीक नक्षीत मांडलेले दिसले. ही ऑफसेट छपाई, म्हणजे कॅलेंडरे आणि पत्रिका ज्या पद्धतीने छापल्या जातात तीच. रंकाळ्याच्या प्रतीवर तेच भिंग धरले तेव्हा अशी नक्षी नव्हती. अतिशय बारीक तुषार अनियमित पसरलेले होते आणि पाण्यावरच्या संध्याकाळच्या नारिंगी छटा एकमेकींत विरघळत गेल्या होत्या. ही इंकजेट छपाई. तिच्यातही दोन प्रकार पडतात. रंगद्रव्य पाण्यात पूर्ण विरघळलेली डाय शाई स्वस्त आणि भडक असते, पण उजेडाने लवकर उडते. न विरघळणाऱ्या सूक्ष्म कणांची पिग्मेंट शाई कितीतरी अधिक टिकते. भिंगाने ऑफसेट आणि इंकजेट वेगळे ओळखता येतात, पण शाई डाय आहे की पिग्मेंट हे विक्रेत्यालाच विचारावे लागते, आणि ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून प्रत घेऊ नये.

नवी दमयंती मागवताना मी हेच केले. शाई कोणती, कागद कापसाच्या तंतूंचा की लाकडाच्या लगद्याचा, त्याचे वजन किती, मूळ फाइल किती मोठी, एवढे चार प्रश्न पुरतात. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन, म्हणजे लाकडाला घट्टपणा देणारे द्रव्य, काढून टाकलेले नसेल तर कागद पिवळा पडतो, जसे वर्तमानपत्र उन्हात पडते. कापसाच्या कागदात ही भीती जवळजवळ नसते. चांगल्या छपाईसाठी दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपासचा कापसाचा कागद वापरतात आणि जर्मनीतील हानेम्यूले या १५८४ पासूनच्या गिरणीचा ३०८ ग्रॅमचा कागद आपल्याकडेही मिळतो. फाइलचा हिशेब सोपा आहे : १६ बाय २० इंचांची प्रत इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायची तर फाइल ४,८०० बाय ६,००० पिक्सेलची हवी. पहिल्या दमयंतीच्या हंसाची पिसे जी गढूळ दिसत होती, त्याचे मूळ बहुधा लहान फाइल ताणून मोठी करण्यात होते. विक्रेते हल्ली ‘जिक्ले’ हे नाव फार मिरवतात. अमेरिकेत १९९१ मध्ये इंकजेट छपाईला ते देण्यात आले, पण त्यामागे कोणतेही बंधनकारक मानक नाही. डाय शाईची प्रतही त्या नावाने विकता येते. शंभर-शंभर वर्षांच्या टिकाऊपणाचे दावेही जपून घ्यावेत. ते जोरदार प्रकाशात थोडा काळ ठेवून केलेल्या चाचण्यांवर बेतलेले असतात, आणि त्या चाचण्यांतली हवा आपल्या आषाढ-श्रावणासारखी नसते.

किमतीबद्दल एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले आणि आपल्या कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या चित्रावरचा स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे ‘हंस-दमयंती’ कोणीही छापू शकतो. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान १९३१ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांनाही तोच नियम लागू. म्हणजे अशा प्रतीची किंमत देताना आपण कागद, शाई आणि मूळ चित्राचे चांगले छायाचित्र यांचेच पैसे देत असतो, नावाचे नव्हे. रविवर्म्यांच्या प्रतीवर ‘मर्यादित आवृत्ती, २५ पैकी ७’ असे लिहून दुप्पट दर लावलेले मी पाहिले आहे. त्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. खुद्द रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला तो आपली चित्रे घरोघरी जावीत म्हणूनच. रंकाळ्याच्या प्रतीवरचा क्रमांक आणि पेन्सिलीची सही यांना मात्र मोल आहे, कारण चित्रकार हयात आहे आणि ठरलेल्या संख्येनंतर छापणार नाही, हा त्याचा शब्द आहे.

आता दुकानाचे खरे काम. पट्ट्यांचे नमुने भिंतीवर काटकोनात टांगलेले असतात आणि नव्या गिऱ्हाइकाचा सगळा वेळ तिथेच जातो. मी सागवानाची अरुंद, पॉलिश केलेली पट्टी निवडली, कारण फायबरच्या पट्टीचे कोपरे कालांतराने उघडतात असा माझा समज आहे. मालकांना तो तितकासा मान्य नव्हता. कोपरे नीट जोडले तर फायबरही टिकते आणि त्याला वाळवी लागत नाही, असा त्यांचा मुद्दा होता, आणि वाळवीपुरता तो खोडून काढता येत नाही. माउंटसाठी त्यांनी आम्लमुक्त बोर्ड दाखवला. साध्या पुठ्ठ्यातले आम्ल हळूहळू चित्राच्या कागदात उतरते आणि माउंटच्या खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ उमटवते. जुन्या तसबिरींतून ती रेघ अनेकांनी पाहिली असेल. बोर्डाचा तिरपा काप पांढरा न राहता चहाच्या रंगाचा झालेला असेल तर आतल्या कागदाचेही तेच चालले आहे असे समजावे.

माउंट कापताना मी समोर उभा होतो. पाते ४५ अंशांत धरून, पोलादी पट्टीला टेकवून, एका दमात ओढायचे आणि कोपऱ्याला केसभर पुढे जाऊन थांबायचे, हे हाताचे काम आहे. कमी ओढले तर कोपऱ्यात तंतू राहतो, जास्त गेले तर बाहेर ओरखडा दिसतो. आठही कोपऱ्यांवर भिंग फिरवले असता एकाच ठिकाणी ओरखडा जाणवला, तोही शोधल्यावर. त्यानंतरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चित्र कुठेही चिकटवले नाही. पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने चित्राच्या पाठीला फक्त वरच्या कडेशी लावल्या आणि त्यांच्या आधाराने चित्र मागच्या बोर्डावर लटकते सोडले. खालून आणि बाजूंनी ते मोकळे आहे, पावसाळ्यात पसरेल, उन्हाळ्यात आकसेल आणि लाट येणार नाही. खळ पाण्याने सुटते, त्यामुळे पुढे कधी चित्र काढायचे झाले तर काढता येते. सेलोटेप, फेविकॉल किंवा गरम दाब देऊन चिकटवण्याची पद्धत यांत ही सोय राहत नाही. मालक ही रीत मुंबईत नोकरी करताना शिकले. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून एरवी तेही दुहेरी टेपच लावतात, हे त्यांनी स्वतःहून कबूल केले. तेव्हा तेथे जाणाऱ्याने खळीच्या पट्ट्या मागून घ्याव्यात, आपोआप मिळतील असे धरू नये.

काचेच्या बाबतीत दुकान उणे पडते. अतिनील किरण ९९ टक्क्यांपर्यंत अडवणारी काच त्यांच्याकडे नसते. मुंबईहून मागवावी लागते आणि तिचा दर साध्या काचेच्या कैक पट पडतो. साधी काच अतिनील किरणांतला बराचसा भाग आत सोडते. रंकाळ्यासाठी मी महागडी काच मागवली, दमयंतीसाठी साधी दोन मिलिमीटरची घेतली, कारण ती प्रत पुन्हा छापून मिळू शकते. २२ बाय २६ इंचांच्या फ्रेमला ही काच एकटीच सुमारे पावणेदोन किलो भरते, त्यामुळे मागे दोन बाजूंना कड्या आणि मधून तार अशी व्यवस्था घेतली. एका खिळ्यावर माळा टांगतात तशी फ्रेम टांगू नये. काचेऐवजी वापरायचे पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे ॲक्रिलिक, निम्म्या वजनाचे असते आणि फुटत नाही, परंतु त्यात स्थिर विद्युतभार साठतो. छापील प्रतीला त्याने काही होत नाही. खडू, कोळसा किंवा भुकटीच्या मूळ कामाला मात्र ते घातक ठरते. राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात ज्यांनी पावडर शेडिंगची चित्रे पाहिली आहेत, त्यांना हा धोका लगेच कळेल, आणि इथे अनेक घरांत त्या पद्धतीची चित्रे असल्यामुळे हे मुद्दाम लिहितो आहे.

तक्रारी आणखी आहेत. मुंबईची काच येईपर्यंत काम रखडले आणि फोन केल्याखेरीज काहीही कळवले गेले नाही. दुसरे म्हणजे सोनेरी नक्षीदार पट्टीचा आग्रह. रंकाळ्याच्या शांत पाण्याभोवती ती दरबारी पट्टी कशी दिसेल, हे मालकांसारख्या जाणत्या माणसाला सांगावे लागू नये. तिसरी तक्रार बिलाची. पावतीवर नुसते ‘फ्रेम २ नग’ लिहिलेले होते. कोणता बोर्ड, कोणती काच हे लिहून मागितल्यावर दिले, पण जरा नाराजीने. मजुरीसह दमयंतीला ३,८०० रुपये आणि रंकाळ्याला त्या काचेमुळे ७,४०० रुपये पडले. दमयंतीचा दर मला रास्त वाटतो. रंकाळ्याचा आकडा प्रतीच्या किमतीहून मोठा आहे आणि तो सर्वांनी द्यावाच असे मी म्हणणार नाही. उन्हाची भिंत टाळली तर साध्या काचेवरही भागते.

भिंतीचा प्रश्न कोल्हापुरात खरोखर बिकट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि कागदाला हवी असते ५० टक्क्यांच्या आसपास. नैर्ऋत्येकडून झोडपणारा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती आतपर्यंत भिजवतो, म्हणून चित्र घराच्या आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीवर लावावे. न्हाणीघराला लागून असलेली भिंत त्याला अपवाद. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी बटणे चिकटवली की भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. ही बटणे दुकानात मागितल्यास फुकट मिळतात. उजेडाचे म्हणाल तर संग्रहालये कागदावरच्या नाजूक कामाला ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास प्रकाश ठेवतात, तर थेट उन्हात तो लाखाच्या घरात जातो. घरात कोणी पन्नास लक्स मोजत बसणार नाही, पण ऊन चित्राला शिवू नये एवढे पाहता येते. स्वस्त छपाईत लाल आणि पिवळा आधी उडतात आणि निळसर सांगाडा मागे राहतो. पानटपरीवरचे जुने फलक पाहावेत. पुसताना काचेचे द्रव फ्रेमवर फवारू नये. ते खालच्या खाचेत झिरपते आणि माउंट तळातून वर भिजत जातो. फडक्यावर थोडे घेऊन पुसावे.

आपल्या घरांत आणखी एक घोटाळा होतो. रविवर्म्यांची लक्ष्मी किंवा सरस्वती ही चित्र म्हणून आणली तरी चार दिवसांत तिला हार चढतो, काचेवर हळदकुंकवाचे बोट लागते, शेजारी उदबत्ती येते. श्रद्धेला माझी हरकत नाही, पण ओल्या फुलांचे पाणी नेमके पट्टीच्या खालच्या सांध्यात उतरते आणि तेल-धुराचा थर मागच्या फटीतून आत जातो. पूजेची तसबीर वेगळी ठेवावी आणि चित्राची प्रत देवघरापासून लांब लावावी. मालकांकडे दुरुस्तीला येणाऱ्या फ्रेमांत खालची पट्टी कुजलेल्यांचाच भरणा अधिक असतो.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शहराच्या सखल भागांतील अनेक तसबिरी पाण्यात राहिल्या, त्यामुळे हेही सांगावेसे वाटते : भिजलेल्या फ्रेममध्ये कागद काचेला चिकटला असेल तर तो सोलून काढू नये, उन्हातही ठेवू नये. काच खाली करून, सपाट, पंख्याच्या सौम्य वाऱ्याला ठेवावी आणि जाणकाराला दाखवावे. घरात आजोबांच्या काळची रविवर्मा छापखान्यातील मूळ ओलिओग्राफ असेल तर तिला लॅमिनेशन करण्याचा विचारही मनात आणू नये. ती दगडांवरून एकेक रंग चढवत छापलेली असते आणि तिचे काम फ्रेमवाल्याचे नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचे केंद्र आहे, तिथल्या तज्ज्ञांकडे चौकशी करावी. शाहूपुरीच्या मालकांनीही अशी एक तसबीर माझ्यासमोर परत पाठवली, आणि गिऱ्हाईक रागावले तरी ते बधले नाहीत.

एकंदरीत हे दुकान ज्याला आपल्याला काय हवे ते माहीत आहे त्याच्यासाठी उत्तम, आणि जो नुसते ‘चांगली फ्रेम करा’ म्हणतो त्याच्यासाठी मध्यम. काम दसऱ्यानंतर टाकावे. पावसाळ्यात बोर्ड आणि कागद दोन्ही ओल धरून असतात आणि तीच ओल टेपच्या आत बंद होते. शिवाय गणपतीच्या आधी देवादिकांच्या तसबिरींची एवढी रीघ लागते की खळ शिजवायला कोणाला सवड नसते. निम्मी रक्कम आगाऊ घेतात, घरपोच सेवा नाही. फ्रेम घेऊन रिक्षाने यायचे असेल तर ती मांडीवर आडवी न ठेवता दोन्ही हातांनी उभी धरावी. आडवी काच एका खड्ड्यातच तडकते, आणि शाहूपुरीतून बाहेर पडेपर्यंत खड्डे काही थोडे नाहीत.